मोटार ओरडते आहे? आधी विहिरीत डोकवा!



आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना मोट आठवत असेल. बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, चाक कुरकुरायचे आणि मोट थारोळ्यात रिकामी व्हायची. चाकाची कुरकुर वाढली की मोट हाकणारा गडी ओळखायचा, की कण्याला तेल पाहिजे. त्यासाठी त्याला मिस्त्री बोलवावा लागत नव्हता. कानच त्याचा मिस्त्री होता.

आज मोट गेली आणि मोटार आली. मोटारही बोलते. पण तिची बोली आपण शिकलो नाही. ती ओरडायला लागली की आपण घाबरतो, पंप खोलतो, बेरिंग बदलतो, मोटार भरून आणतो. पैसे जातात, दिवस जातात आणि आवाज तिथल्या तिथेच राहतो. गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रात असाच एक प्रकार घडला. त्यात आमचीही चूक झाली, म्हणून तो लपवून न ठेवता येथे सांगत आहोत.

बेरिंग दोनदा बदलली, आवाज मात्र तोच

पाथरी तालुक्यातील गोदाकाठचे एक सभासद. दोन एकर खोडवा, विहीर नदीच्या जवळ, पाच एच.पी.चा मोनोब्लॉक पंप. एप्रिलच्या सुरुवातीस त्यांचा फोन आला, "साहेब, मोटार खडे चावल्यावानी वाजायलीय. पाणी बी निम्मंच येऊ लागलंय."

आम्ही फोनवरच औषध सांगून मोकळे झालो. म्हटले, बेरिंग गेली असेल, बदलून घ्या. त्यांनी बदलली. आठ दिवसांनी पुन्हा तोच आवाज. मिस्त्रीने दुसऱ्या कंपनीची बेरिंग घातली, मग मोटारही भरून आणली. एवढे होऊनही खडे चावणे सुरूच. शेवटी "पंपच बदला" असे सांगण्यात आले. तोवर तीन आठवडे गेले होते आणि उन्हाचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढला होता. खोडव्याची एक पाणीपाळी पूर्ण चुकली. वरच्या अंगाचा ऊस दुपारी पाने गुंडाळून उभा राहू लागला.

तेव्हा कुठे आम्ही प्रत्यक्ष विहिरीवर गेलो. पंप सुरू केला. आवाज खरोखरच असा, की कुणी पत्र्याच्या डब्यात वाळूखडे घालून हलवीत आहे. आम्ही पंप खोलायच्या बेतात होतो. तेवढ्यात बाभळीखाली बसलेले सभासदांचे वडील म्हणाले, "आवाज सुरू झाला त्याच्या आधी पोरानं पाईप वाढवला. पाणी खाली गेलं म्हणून. आम्ही मोटंच्या वक्ताला नाडा वाढवत होतो, तसं."

आम्ही पंप तसाच ठेवला आणि दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत अंतर भरले तेवीस फूट. दिवाळीत पंप बसवला तेव्हा हेच अंतर दहा-बारा फूट होते. दुखणे सापडले. ते पंपात नव्हतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे तीन आठवडे चालले होते, आणि त्याची सुरुवात आमच्याच सल्ल्याने झाली होती.

नाडा वाढतो, सक्शन वाढत नाही

मोटेचा नाडा हवा तेवढा वाढवता येतो. बैल ओढतात, पाणी वर येते. पंपाचा सक्शन पाईप मात्र तसा वाढवता येत नाही, कारण पंप पाणी खालून ओढतच नाही. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पंपातला पंखा, म्हणजे इंपेलर, एका सेकंदात अठ्ठेचाळीसच्या आसपास फेरे घेतो आणि आपल्यातले पाणी बाहेर फेकतो. त्यामुळे पंख्याच्या मध्यभागी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. तो दाब पाण्याला पाईपमधून वर ढकलतो. म्हणजे सक्शनचे काम हवा करते. आणि हवेची ताकद ठरलेली आहे.

इटलीतील पंपवाल्यांना चारशे वर्षांपूर्वी हाच अनुभव आला होता. कितीही चांगला पंप केला तरी बत्तीस-तेहतीस फुटांवर पाणी चढेना. टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून कारण दाखवून दिले. हवेचे वजन जेवढे पेलते, तेवढेच पाणी वर चढते. समुद्रकाठी ही मर्यादा १०.३ मीटर. आपला परभणीचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच, म्हणून येथे ती ९.८ मीटरच्या आसपास, म्हणजे बत्तीस फूट.

पण हे बत्तीस फूट आपल्या हातात पडत नाहीत. ऊसबिलातल्या कपातीसारखाच हा हिशेब आहे. पाणी गरम असले की त्याची वाफ व्हायला बघते, त्यापोटी अर्धा मीटर वजा. फूट व्हॉल्व्ह (आपण ज्याला 'फुटबॉल' म्हणतो तो), बेंड आणि पाईप यांच्या घर्षणापोटी एक ते दीड मीटर वजा. पंपाला स्वतःला सुरळीत चालण्यासाठी दोन ते तीन मीटरचा दाब शिल्लक लागतो, तोही वजा. कपाती जाऊन हातात उरतात साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. आमचे सभासद तेवीस फुटांवर पंप चालवीत होते. त्यातून त्यांच्या फुटबॉलच्या जाळीला शेवाळ आणि खताच्या गोणीचा तुकडा गुंडाळला गेला होता. म्हणजे कपात आणखी वाढली.

मग खडे चावल्याचा आवाज कशाचा? दाब फार कमी झाला की पाणी विस्तव न लावताही उकळते. पंख्याच्या मध्याशी वाफेचे बारीक बुडबुडे होतात. तेच बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की एकदम फुटून मिटतात, आणि प्रत्येक वेळी पात्यावर हातोडीचा बारीक घाव बसतो. असे असंख्य घाव म्हणजे तो खड्यांचा आवाज. इंग्रजीत याला कॅव्हिटेशन म्हणतात. आपण त्याला पंपाचे खडे चावणे म्हणू. सभासदांचा पंखा काढून पाहिला तेव्हा पात्यांवर देवीच्या वणासारखे खड्डे पडले होते. आणखी एक हंगाम असा काढला असता तर पंख्याची चाळण झाली असती.

उपाय काय केला?

पंप दहा फूट खाली, विहिरीतल्या दुसऱ्या टप्प्यावर नेला. वाढवलेला पाईप काढला. फुटबॉल साफ केला. बटण दाबले, आणि खडे चावणे बंद! थारोळ्यात पाण्याची धार भरून पडली.

सभासदांनी एक रास्त शंका विचारली, "पंप खाली नेला तर पाणी वर ढकलायला जादा जोर लागंल की!" नाही. विहिरीच्या पाण्यापासून शेतापर्यंतचा एकूण चढ तेवढाच राहतो. फरक एवढाच, की ओढण्याला अठरा फुटांची वेस आहे, ढकलण्याला तशी वेस नाही. पंपाच्या ताकदीप्रमाणे तो पन्नास फूट ढकलील, शंभर फूट ढकलील. म्हणून पंप पाण्याच्या जवळ असावा, शेताच्या जवळ नव्हे. पंधरा फुटांच्या आत ठेवाल तर उत्तम. अठरा फुटांपलीकडे जाऊ नका.

गोदाकाठच्या सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ढालेगाव, मुदगल, डिग्रस येथील बंधाऱ्यांमुळे पावसाळ्यानंतर गंगेत पाणी तुडुंब असते. तेव्हा काठावर बसवलेला पंप आनंदाने चालतो. उन्हाळ्यात तेच पाणी खाली जाते, पंप मात्र काठावरच बसून राहतो. डाव्या कालव्याच्या पट्ट्यातही तेच. कालव्याची पाळी सुरू असते तेव्हा विहिरी वर येतात, पाळी बंद झाली की उतरतात. पाणी जागा बदलते, तर पंपानेही बदलली पाहिजे. मात्र मृगाच्या आधी पंप वरच्या टप्प्यावर परत आणण्यास विसरू नये, नाही तर पहिल्याच पुरात मोटार बुडेल.

आवाजावरून दुखणे ओळखा

प्रत्येक आवाज खडे चावण्याचाच असतो असे नाही. पुढील खुणा घरातल्या सर्वांना माहीत करून द्याव्यात.

१) खडे चावल्यासारखा आवाज, धार कमी: पाणी खोल गेले आहे, फुटबॉल तुंबला आहे किंवा सक्शन पाईप बारीक आहे. खात्री करायची असेल तर डिलिव्हरीचा कॉक थोडा बंद करून पाहा. आवाज कमी झाला तर दुखणे सक्शनकडेच आहे असे समजा. सक्शन पाईप नेहमी डिलिव्हरीपेक्षा एक नंबर मोठा असावा.

२) फुरफुर, धार तुटक आणि फेसाळ: पाईपात हवा शिरते आहे. पंप चालू असताना सक्शनच्या प्रत्येक सांध्याजवळ जळती उदबत्ती धरा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे गळती आहे. सांधा खोलून नवे वायसर घाला. पंपाजवळ पाईपला उंटासारखे कुबड असेल तर तिथेही हवा साचते. पाईप पाण्यापासून पंपापर्यंत चढताच असावा. पाण्यावर भोवरा दिसत असेल तर फुटबॉल वर राहिला आहे. त्याच्यावर किमान दोन-तीन फूट पाणी असावे, आणि तो तळच्या गाळापासून फूटभर तरी वर असावा.

३) मोटार नुसती घुमते, फिरत नाही किंवा जड फिरते: तीनपैकी एक फेज गेला असण्याचा दाट संभव. क्षणाचाही विलंब न करता बंद करा. अशा स्थितीत मोटार काही मिनिटांत जळते. फ्यूज, स्टार्टर आणि डीपीवरील फेज जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. दाब कमी असला तरी मोटार घुमते आणि तापते.

४) घरघर, सतत आणि दिवसेंदिवस वाढणारी: ही बेरिंग. बटण बंद करून कान द्या. वीज तोडताच आवाज त्याच क्षणी थांबला तर तो विजेचा. पंखा थांबेपर्यंत घरघर चालू राहिली तर बेरिंगचा. ग्रीस भरताना घर अर्धेच भरावे. ठासून भरलेले ग्रीस बेरिंग तापवते.

५) धडधड, पंप जागेवर नाचतो: पायाचे बोल्ट ढिले आहेत, किंवा पाईपचे सगळे वजन पंपाच्या मानेवर आले आहे. पाईपला स्वतंत्र टेकू द्या. मोटार आणि पंप वेगवेगळे असतील तर कपलिंग एका रेषेत आहे का पाहा.

६) डीपीचे काम झाल्यानंतर अचानक आवाज, आणि पाणी अगदी कमी: मोटार उलटी फिरत असेल. पंपावर बाणाची खूण असते, ती पडताळा. वायरमनकडून तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करून घेतली की काम भागते.

७) बंद करताना पाईपात 'धाड' असा दणका: लांब पाईपलाईनमधले पाणी उलटे धावून येते आणि आदळते. पंपाजवळ चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. बंद करण्यापूर्वी डिलिव्हरीचा कॉक हळूहळू आवळा.

या यादीत बेरिंगचा नंबर चौथा आहे हे लक्षात घ्यावे. आम्ही मात्र फोनवर तीच पहिली सांगितली होती!

तपासणीचा क्रम

नियम साधा आहे. पाण्यापासून सुरुवात करा आणि वर या. आधी पाण्याची पातळी मोजा. मग फुटबॉल, मग सक्शनचे सांधे, मग पाया आणि बोल्ट, मग वीज. पंप खोलणे सर्वांत शेवटी. पहिल्या चार गोष्टींना दोरी, दगड, उदबत्ती आणि पाना एवढेच सामान लागते. आणि मिस्त्रीला बोलवाल तेव्हा आवाज कधी सुरू झाला आणि त्याच्या आधी आपण काय बदल केला, हे त्याला आवर्जून सांगा. आमच्या सभासदांच्या वडिलांनी सांगितलेली एक ओळ दोन बेरिंगांपेक्षा मोलाची ठरली.

ऑटो-स्विच वापरणाऱ्यांना एक इशारा. रात्री वीज येते, पंपातले पाणी फुटबॉलमधून गळून गेलेले असते, आणि मोटार आपोआप कोरडीच फिरू लागते. शेतात कोणी नसते. सकाळी पाहावे तो सील जळालेले. शिवाय वीज आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर ताण येतो. ऑटो ठेवायचाच असेल तर कोरडा पंप बंद पाडणारे आणि एक फेज गेल्यास वीज तोडणारे उपकरण जोडीला हवेच. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून सौर पंप येऊ लागले आहेत. तो सौर पंप काठावर बसवायचा असेल तर अठरा फुटांचा नियम त्यालाही तसाच लागू आहे. हवेचा दाब वीज कुठली ते पाहत नाही.

पाण्यात बुडवून चालवण्याचा ओपनवेल पंप घेतला तर सक्शन पाईपचा प्रश्नच उरत नाही. पण तो पाण्याबाहेर उघडा पडून चालला तर तापतो, म्हणून पातळीवर नजर त्यालाही लागतेच.

जीव मोटारीपेक्षा मोठा

विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि वर एक माणूस उभा करा. नुसते स्टार्टरचे बटण बंद करून उतरू नका. वीज कधी येईल आणि कोण बटण दाबील याचा भरवसा नाही. पंप खाली नेताना वायरीचे उघडे जोड पाण्याजवळ येऊ देऊ नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. फिरत्या कपलिंगजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे जाऊ देऊ नये. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी स्टार्टरला शिवू नये. हे सगळे सर्वांना माहीत असते, पण ऊस वाळताना दिसला की माणूस घाई करतो, आणि अपघात त्या घाईतच होतो.

पंप गप्प झाला, पुढे काय?

खरे तेच सांगायचे तर पंप गप्प झाला म्हणून विहीर भरली नाही. सभासदांच्या विहिरीतले पाणी त्यानंतर दीड तासात उपसले जाई आणि पुन्हा साठायला अर्धा दिवस लागे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्यांनी पाचट न जाळता सरीत पसरले, एक सरी आड पाणी दिले आणि पाऊस येईपर्यंत खोडवा जगवला. तरी ज्या तीन आठवड्यांत पाणी चुकले त्याचा हिशेब तोडणीच्या वेळी दिसलाच. खालच्या अंगाचा ऊस भरला, वरच्या अंगाचा आखूड कांड्यांचा राहिला. काटा खोटे बोलत नाही. आमच्या अर्ध्या मिनिटाच्या सल्ल्याची किंमत त्यांना वजनात मोजावी लागली, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून मोटारीच्या आवाजाची तक्रार आली की आम्ही आता पहिला प्रश्न एकच विचारतो, "पंपापासून पाणी किती फुटांवर आहे?"

त्याचे उत्तर प्रत्येक सभासदाकडे तयार असावे. त्या सभासदांनी आपल्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर दर फुटाला चुन्याची रेघ ओढली आहे, आणि पंपाच्या खाली पंधराव्या फुटाला गेरूची तांबडी रेघ. पाणी तांबड्या रेघेखाली गेले की पंप खाली सरकवायचा, पाईप वाढवायचा नाही. त्यांचे वडील रोज सकाळी विहिरीत डोकावतात आणि मुलाला सांगतात, "अजून दोन रेघा हायेत."

मूठभर चुना आणि चिमूटभर गेरू, एवढाच खर्च आहे. गळीत संपून उन्हाळा लागण्याच्या आत आपणही आपल्या विहिरीत या रेघा ओढाव्यात, आणि मोटार ओरडली तर पाना उचलण्याआधी त्या रेघा मोजाव्यात, ही सर्व सभासदांना विनंती.